‘पेय सांडलं’ लिहिणारी व्हर्नेल

व्हर्नेल टिब्सला कामाचे धडे मी दिले, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुम्ही म्हणाल, ही डेल्फीन बया चांगलीच लपवाछपवी करत होती.

काम तसं सोपं. स्टेडियममध्ये आलेल्या माणसाचं तिकीट बघायचं, त्याला खुर्चीपर्यंत न्यायचं, खुर्चीवरून फडकं फिरवायचं आणि हसायचं. माझ्याकडे बारावा विभाग, तिच्याकडे अकरावा. मधे वीसेक खुर्च्या. आमच्या स्टेडियमवर दोन खेळ चालायचे. मंगळवारी बर्फावरची हॉकी, बुधवारी किंवा शुक्रवारी बास्केटबॉल. बास्केटबॉलच्या दिवशी बर्फ वितळवत नाहीत, त्याच्यावरच लाकडी फळ्या टाकतात. त्यामुळे खालच्या रांगांत पाय गारठतात. आम्ही सगळ्याजणी दोन-दोन मोजे घालायचो. व्हर्नेल तीन घालायची आणि वर म्हणायची, “मला थंडी वाजत नाही.”

आम्ही दोघी इथल्याच, पिट्सबर्गच्या हिलवरच्या, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या. हे स्टेडियम बांधलं तेव्हा खालच्या हिलवरची आमची घरं पाडली, व्हर्नेल तेव्हा सतरा वर्षांची होती. तिनं स्वतःशी हिशोब करून ठरवलं होतं की अकराव्या विभागातली तिसरी रांग म्हणजे तिच्या आईचं स्वयंपाकघर. “इथं चूल होती,” ती तिसऱ्या रांगेशी उभी राहून मला सांगायची.

“मग भाडं माग की मालकाकडं,” मी म्हणायचे.

बाई अशी की पांढऱ्या ब्लाउजच्या इस्त्रीच्या घडीनं भाजी चिरावी. चर्चमध्येसुद्धा हेच काम करायची, माणसांना जागा दाखवायचं. तिथल्या जागा दाखवणाऱ्या बायकांची ती मुख्य होती. पांढरे हातमोजे, पाठीमागे दुमडलेला डावा हात, बोटांच्या खुणा. चर्चमध्ये कुणी दारू पिऊन आलं, कुणाला रडता रडता भोवळ आली, तर या बायका चहूबाजूंनी उभ्या राहून त्याला झाकून घेतात आणि हळूच बाहेर नेतात. देवाच्या घरात कुणाचा तमाशा होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. एकदा असाच एक म्हातारा बाकाखाली आडवा झाला, तर व्हर्नेल त्याच्यासमोर स्तोत्राचं पुस्तक उघडून उभी राहिली आणि चारही कडवी म्हणून मोकळी झाली.

म्हणून मी तिला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं ते तिला काही वेगळं वाटलं नाही. विभागात काही घडलं की आम्हाला एक चिठ्ठी भरावी लागते. विभाग, रांग, काय झालं, पोलीस बोलावला तर त्या माणसाचं नाव, सही. मी तिला म्हटलं, “हे बघ, खालच्या रांगांत वर्षभराची तिकिटं घेणारे लोक बसतात. त्यांच्यातल्या कुणी खेळाडूवर बिअर फेकली, तरी ‘फेकली’ असं लिहायचं नाही. ‘फेकली’ लिहिलं की पोलीस बोलवावा लागतो, तिकीट रद्द करावं लागतं, आणि साहेबाचं तोंड आंबट होतं. ‘पेय सांडले’ असं लिही. सगळे तेच लिहितात.”

“सांडले,” ती म्हणाली, आणि वळणदार अक्षरात लिहून दाखवलं. बारा वर्षं तेच लिहीत राहिली.

आता त्या शुक्रवारचं सांगते. सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी. आमच्या बास्केटबॉल संघात रोमेल गेन्स नावाचा, आमच्यासारखाच काळा पोरगा होता. वय चोवीस, उंची पावणेसात फूट, अलाबामातल्या कुठल्याशा गावचा. मैदानावर अंगावर येणारा, खांदा मारणारा, पण पायऱ्यांपाशी आला की व्हर्नेलला न चुकता म्हणायचा, “गुड इव्हिनिंग, मिस व्हर्नेल, पाय बरेत का?” घरचं वळण लगेच कळतं.

तिसऱ्या रांगेत मिस्टर वेदरली बसायचा. गोरा, छपरं बसवायचा मोठा धंदा, चार खुर्च्या, दोन्ही खेळांना हजर. मी त्याला उगाच राक्षस करणार नाही. व्हर्नेलचा नवरा गेला तेव्हा हा माणूस अंत्यविधीला आला होता, शेवटच्या बाकावर बसला होता. दर नाताळात तिला हॅमचा मोठा तुकडा आणून द्यायचा. तिला ‘व्हर्न’ म्हणायचा. तिला असं म्हणणारा जगात तो एकटाच.

सामना हातातून चालला होता. गेन्स बाहेर जाणाऱ्या चेंडूमागं झेपावला आणि तिसऱ्या रांगेसमोर धाडकन पडला. चेंडू पुन्हा आत गेला, सगळ्यांच्या नजरा तिकडं गेल्या. माझी नजर नेमकी इकडं होती. वेदरली उभा राहिला. त्याचा हात मागं गेला, आणि भरलेला ग्लास गेन्सच्या तोंडावर बसला. बिअर, फेस, सगळं.

गेन्स उठला. त्यानं डोळे पुसले आणि तो नुसता उभा राहिला. चांगला तीन-चार श्वास उभा राहिला, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन. मग वेदरलीचं तोंड हललं. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण गेन्सनं कठड्यावर पाय ठेवला, दोन ढांगांत वर गेला, वेदरलीला कॉलरला धरलं आणि भिरकावलं. तो दोन खुर्च्यांवरून उलटा पडला. मनगट मोडल्याचा आवाज मला बाराव्या विभागात आला, असं मला अजून वाटतं.

गेन्सनं मूठ उचलली. आणि त्या मुठीखाली आमची व्हर्नेल, पाच फूट एक इंच, जाऊन उभी राहिली. दोन्ही हात त्याच्या छातीवर.

“तुम्ही ऐकलंत ना, मिस व्हर्नेल?” तो म्हणाला. पोराचा आवाज फाटला होता. “ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं बाळा,” ती म्हणाली. “सगळं ऐकलं. आता मागं फिर.”

तो फिरला.

अर्ध्या तासानं आम्ही आमच्या खोलीत होतो. प्रेन्टिससाहेब, म्हणजे आमचा वरचा, दारात टाळ्या वाजवत होता. “चिठ्ठ्या द्या, चला, चला, बाहेर वार्ताहर उभे आहेत.” व्हर्नेल टेबलाशी बसली. तिनं फॉर्म ओढला आणि एका झटक्यात लिहून दिला. मी बघितलंही नाही. तिनंही पुन्हा वाचलं नाही. जी गोष्ट बारा वर्षं हातानं केली ती हातानंच केली, डोक्यापर्यंत गेलीच नाही.

‘विभाग अकरा, रांग तीन. खेळाडूवर पेय सांडले. खेळाडू प्रेक्षकांत शिरला. प्रेक्षक जखमी.’

खाली सही, व्हर्नेल एम. टिब्स.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागं गेला होता, त्यामुळे ग्लास फेकल्याचं चित्र कुणाकडेच नव्हतं. कॅमेरा परत वळला तेव्हा गेन्सचा पाय कठड्यावर होता आणि तोंड उघडं. तिथून पुढं सहा सेकंद. ती सहा सेकंदं त्यांनी किती वेळा दाखवली कोण जाणे. मी भांडी घासायला सुरुवात केली की लागायची आणि भांडी संपली तरी चालूच. रेडिओवर लोक फोन करून सांगत होते, यांना कितीही पैसा द्या, रक्तातलं जातं का? एकजण म्हणाला, आता प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात जाळी बसवा. मी रेडिओला चपला मारल्या. खरंच मारल्या, अजून त्याचं एक बटण हलतं.

आणि रविवारच्या पेपरात पहिल्याच पानावर छापून आलं की स्टेडियमच्या स्वतःच्या कागदपत्रांनुसार खेळाडूच्या अंगावर थोडं पेय सांडलं होतं. एवढ्यावरून त्यानं एका आजोबांचं मनगट मोडलं. कागद कुणी दिला ते तुम्हीच ओळखा. सरकारी वकिलानं साधी नव्हे, गंभीर मारहाणीचा गुन्हा लावला. दहा वर्षांपर्यंतचा तुरुंग. पुढच्या गुरुवारी न्यायाधीश ठरवणार होता की हा गुन्हा उभा राहतो की नाही.

चर्च सुटल्यावर व्हर्नेल माझ्याकडं आली. हातमोजे तसेच, हातात पेपर. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली.

“हे मी लिहिलंय, डेल्फी.”

“मला माहितेय तू लिहिलंयस. कॉफी घेतेस?”

“त्या पोराला मी तोंडावर सांगितलं, सगळं ऐकलं म्हणून. आणि खाली जाऊन हे लिहिलं.”

“अगं, सगळे तेच लिहितात.”

“त्याची वकील आली होती चर्चच्या दारात. मिस अबरनाथी. म्हणाली, तिसऱ्या-चौथ्या रांगेतले नऊजण वेदरलीचे मित्र आहेत, नऊही जणांनी ग्लास निसटला असं सांगितलंय. दहावी मी. म्हणाली, गुरुवारी या.”

आता माझं शहाणपण ऐका. मी तिच्यासमोर कप ठेवला आणि म्हणाले, “हे बघ, मूग गिळून गप्प बस. तो पोरगा लाखो डॉलर कमावतो, त्याला दहा वकील मिळतील. तुला काय मिळणार? तू साठीला आलीस. उद्या तू म्हणालीस की मी खोटं लिहिलं, तर तुझी बारा वर्षांची प्रत्येक चिठ्ठी बाहेर काढतील. नोकरी जाईल, वर अब्रू जाईल.”

तिनं कप बाजूला सारला. मला वाटलं, ओरडेल. पण म्हणाली, “माझी जाईल, की आपली?”

मी साखर शोधायला उठले. साखर टेबलावरच होती.

मंगळवारी हॉकी. तुम्ही ती हॉकी बघितली नसेल तर सांगते, त्यात मारामारी हा खेळाचाच भाग असतो. दोघं हातमोजे टाकतात, एकमेकांचे सदरे डोक्यावरून ओढतात आणि तोंडं फोडतात. पंच बाजूला उभे राहून बघतात. त्या दिवशी आमच्या अकराव्या-बाराव्यासमोरच दोघांची जुंपली. गोरी पोरं, एकाचे दोन दात पडले, बर्फाभोवतीच्या काचेवर रक्ताचा पट्टा उमटला. सोळा हजार माणसं उभी राहून आनंदानं किंचाळत होती. वेदरली उभा. हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर, त्यावर मित्रांच्या सह्या. शेजारी नात, सात-आठ वर्षांची. आणि हा माणूस त्या प्लॅस्टरनं काचेवर धडाधड मारत होता. “हाण त्याला! अजून एक! शाब्बास रे माझ्या वाघा!”

दोघांना पाच-पाच मिनिटं बाकावर बसवलं. नंतर दोघं परत आले तेव्हा टाळ्या पडल्या.

मी व्हर्नेलकडं बघितलं. ती पायरीवर उभी होती, डावा हात पाठीमागं, चर्चमध्ये असतो तसा. ती खेळ बघतच नव्हती. वेदरलीच्या पाठीकडं बघत होती.

मधल्या सुट्टीत तो तिच्याजवळ आला. मी मुद्दाम जवळची खुर्ची पुसायला घेतली.

“व्हर्न, कशी आहेस? त्या दिवशी तू मधे पडली नसतीस तर त्यानं मला मारलंच असतं. माझी बायको म्हणाली, त्या बाईला मिठी मारून ये.”

“नात मोठी झाली, मिस्टर वेदरली.”

“मोठी! फार बोलते.” तो हसला. मग आवाज खाली आणला. “गुरुवारचं काय? तुला बोलावतील म्हणतात. घाबरू नकोस. तू काही जास्तीचं सांगायचं नाहीस. जे लिहिलंयस तेवढंच म्हण. बास.”

“जे लिहिलंय तेवढंच.”

“तुझ्याच हातचं आहे ना.” त्यानं चांगल्या हातानं तिच्या खांद्यावर थोपटलं. “आपण काय आजचे ओळखीचे आहोत का, व्हर्न?”

धमकी नव्हती ती. त्याला खरंच वाटत होतं की व्हर्न आपली आहे. म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

बुधवारी सकाळी प्रेन्टिससाहेबानं मला बोलावून घेतलं. दार लावलं. आजवर माझ्यासाठी त्यानं कधी दार लावलं नव्हतं.

“डेल्फीन, व्हर्नेल तुझं ऐकते. तिला समजाव. तिनं कोर्टात वेडंवाकडं काही सांगितलं, तर कंपनीच्या नोंदी खोट्या भरल्या असा त्याचा अर्थ होईल. आणि पहिल्या आठवड्यात तिला शिकवायला कोण होतं, ते फायलीत लिहिलेलं आहे.” तो खुर्चीत मागं रेलला. “तुझं निवृत्तीवेतन कधी सुरू होतंय?”

“जूनमध्ये, सर.”

“जून काही लांब नाही,” तो म्हणाला.

मी तिथून तडक व्हर्नेलच्या घरी गेले. लाज वाटते सांगायला, पण गेले. ती इस्त्री करत होती. हातमोजे. दोन बोटांच्या मधली जागासुद्धा सोडत नव्हती. मी प्रेन्टिसचं सगळं सांगितलं, जूनचंही सांगितलं. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

“काय करणार आहेस तू?” मी विचारलं. “मला एवढं तरी सांग, बाई.”

तिनं हातमोजा उलटा केला. “दार नीट ओढून घे जाताना. वारं येतंय.”

गुरुवारी न्यायालयात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला वेदरलीची माणसं, दुसऱ्या बाजूला हिलवरची माणसं, मधे वार्ताहर. गेन्स निळ्या सुटात बसला होता, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. मी मागच्या बाकावर. प्रेन्टिस माझ्यापुढं दोन रांगा. त्यानं वळून मला बघितलं आणि मान हलवली, जणू आम्ही एकाच घरचे पाहुणे.

मिस अबरनाथीनं व्हर्नेलचं नाव पुकारलं. व्हर्नेल गेली, हात वर केला, शपथ घेतली.

“त्या दिवशी काय झालं?”

“मिस्टर वेदरलींनी ग्लास फेकला,” व्हर्नेल म्हणाली. “पूर्ण भरलेला. नेम धरून. मी दोन पावलांवर होते.”

कुजबुज झाली. न्यायाधीश केसलर म्हातारा, गोरा, डोळ्यांखाली पिशव्या. त्यानं पेनानं टेबल वाजवलं.

“मग?”

“मग मिस्टर गेन्स उभे राहिले. काही केलं नाही. मग मिस्टर वेदरली म्हणाले...” ती थांबली. तिनं वेदरलीकडं बघितलं. माझ्या आयुष्यात मी तिला एकही शिवी देताना ऐकलेलं नाही, पायावर इस्त्री पडली तेव्हासुद्धा नाही. “म्हणाले, ‘ऊठ रे माकडा, पिंजऱ्यात जा. तुझ्या आईला केळी पाठवतोस ना महिन्याच्या महिन्याला?’ आणि त्याच्यापुढं तो शब्द.”

“कोणता शब्द, मिसेस टिब्स? न्यायालयाला पूर्ण सांगावं लागेल.”

तिनं सांगितला. सगळी अक्षरं, स्वच्छ, स्तोत्र म्हणावं तशी. मी तो इथं लिहीत नाही. वेदरलीचा चेहरा लाल झाला होता. त्याला शब्दाचा राग आला नव्हता. व्हर्ननं तो उच्चारला याचा राग आला होता.

मग सरकारी वकील उठला. तरुण होता, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणली होती.

“हे अक्षर तुमचं?”

“हो, सर.”

“इथं ‘सांडले’ असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?”

“हो, सर.”

“आणि बारा वर्षांत असं किती वेळा?”

“ज्यांनी ज्यांनी फेकलं तितक्या वेळा.”

“म्हणजे बारा वर्षं तुम्ही सहीनिशी खोटं लिहीत आलात, आणि आज आम्ही मात्र तुमच्यावर विश्वास ठेवायचा. असं लिहायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

प्रेन्टिस ताठ झाला. व्हर्नेलनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, “कुणी नाही. माझं मीच.”

शपथेवर असताना, चर्चमधल्या त्या बायकांची मुख्य असलेल्या बाईनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. जूनसाठी. मला बसवेना. मला कुणी धैर्यवान म्हणू नका. मी नुसती उभी राहिले.

“मी शिकवलं, जज्जसाहेब! सगळ्यांनाच आम्ही असंच शिकवतो.”

गोंधळ झाला. न्यायाधीशानं मला खाली बसायला सांगितलं, मग दोन्ही वकिलांना जवळ बोलावून काहीतरी विचारलं, मग मलाच पुढं बोलावलं. व्हर्नेल माझ्याजवळून खाली उतरली तेव्हा पुटपुटली, “मूर्ख.”

मी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं, ग्लास फेकताना बघितला तेही. पोलीस बोलवावा लागतो, तिकीट रद्द करावं लागतं, म्हणून ‘सांडले’. सरकारी वकील माझ्याभोवती फिरत होता.

“मॅडम, सव्वीस वर्षं झाली तुम्हाला. या सव्वीस वर्षांत तुम्ही ‘फेकले’ असं एकदाही लिहिलं नाही?”

मी हिलवरच्या बायकांकडं बघितलं.

“मॅडम?”

“एकदा लिहिलं.”

तो गर्रकन वळला. हसूच आलं त्याच्या तोंडावर. “एकदा लिहिलंत! म्हणजे फेकलं तेव्हा तुम्ही ‘फेकलं’ असंच लिहिता. तर मग ‘सांडलं’ म्हणजे सांडलंच, नाही का? माझं झालं, साहेब.”

तो खाली बसला. मिस अबरनाथीनं डोळे मिटले. गेन्सनं मान खाली घातली. मला कळलं, मी तोंड उघडून त्या पोराला खड्ड्यात घातलं होतं.

न्यायाधीशानं चष्मा काढला. “थांबा. ते एकदा कुणाबद्दल लिहिलं होतं?”

“वरच्या मजल्यावरचा एकजण होता, साहेब. सगळ्यात शेवटच्या रांगेतला. मला वर पाठवलं होतं त्या दिवशी.”

“वर्षभराचं तिकीट?”

“नाही, साहेब. चार डॉलरचं. बसडेपोचा गणवेश होता अंगावर. कामावरून आला असावा.” मला पाणी हवं होतं, पण मागितलं नाही. “काळा होता. आमच्यातलाच.”

“त्यानं काय फेकलं?”

“कागदाचा कप.”

“भरलेला?”

“नाही, साहेब. रिकामा. कुणाला लागला नाही. पायऱ्यांवर पडला. मी ‘फेकला’ असं लिहिलं. दोन पोलिसांनी हात पिरगाळून त्याला खाली नेलं.”

“आणि तो कप सांडला असं तुम्ही का नाही लिहिलंत?”

“मनातच आलं नाही, साहेब,” मी म्हणाले.

हिलवरच्या बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्यातल्या दोघींच्या घरचे लोक बसडेपोत आहेत. न्यायाधीश कितीतरी वेळ लिहीत होता. प्रेन्टिस उठून बाहेर गेला.

दुपारी निकाल दिला. कोण कुठं बसलंय त्यावर शब्द ठरत असेल तर ‘सांडले’ला अर्थ नाही म्हणाला, आणि चिथावणी धरून गंभीर मारहाणीचा गुन्हा काढून टाकला. साधा मारहाणीचा ठेवला, कारण मनगट खरंच मोडलं होतं. तुरुंग बहुतेक टळला. वेदरलीचं पुढं काय, ते या न्यायालयाचं काम नाही म्हणाला.

बाहेर गेन्स आमच्यासमोर वाकून उभा राहिला.

“तू हात उचलायला नको होतास,” व्हर्नेल त्याला म्हणाली.

“हो, मॅम.”

“आईला फोन कर. निकाल टीव्हीवर बघण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.”

“हो, मॅम,” तो म्हणाला आणि डोळे पुसत गेला. टीव्हीवाल्यांनी डोळे पुसताना घेतलं नाही. संध्याकाळच्या बातम्यांत पुन्हा तीच सहा सेकंदं लागली, फक्त खाली निकालाची ओळ होती.

आम्ही दोघी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. नोकरी गेल्याचं आम्हाला अजून कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. व्हर्नेलनं हातमोजे काढले, घडी घालून पर्समध्ये ठेवले.

“एकदाच?” ती म्हणाली.

“काय एकदाच?”

“एकदाच लिहिलंस तू? ‘फेकलं’?”

“शपथ घेतली होती ना मी.” मला राग आला. “आता तूही मला टोचणार आहेस का? टोच. सगळ्या हिलनं ऐकलंय.”

“मी चार वेळा लिहिलं.”

मी तिच्याकडं बघितलं.

“त्यानं मला विचारलंच नाही,” ती म्हणाली. “मी वाट बघत होते, आता विचारेल, आता विचारेल. त्यानं तुला विचारलं. चारही जण वरच्या मजल्यावरचे. चारही आपले. माझ्या कधी लक्षातच आलं नाही, डेल्फी. तू तिथं उभी राहून सांगायला लागलीस तेव्हा मी बोटांवर मोजले.” तिनं पर्सची कडी लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. “त्यातल्या एकाला तर मी ओळखत होते. आमच्या चर्चच्या युलालीचा लेक. त्याच्या नावावर पोलिसात नोंद झाली, म्हणून पोस्टातली नोकरी मिळाली नाही. दर रविवारी युलाली माझ्या शेजारी उभी असते, हातमोजे घालून.”

“तिला माहितेय का?”

“आज कळेल,” व्हर्नेल म्हणाली. बसथांबा खाली होता. ती तिकडं गेली नाही. युलालीचं घर वर आहे, त्या चढाला लागली. तीन मोजे घातलेले पाय, सावकाश.

मी तिच्यामागं गेले नाही. जाऊन काय करणार होते? माझ्या त्या बसवाल्याचं घर कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. चिठ्ठीत नावाला जागा होती, तिथं मी ‘काळा पुरुष’ एवढंच लिहिलं होतं.